नाव सांगा, माणूस न्या

एका बाईने नुसतं गप्प बसून सगळ्या दुनियेला बोलतं केलं, ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. ज्याला वाटेल त्याने घरी जाऊन ताप मोजावा. पण मंडळाचा चहा अजून उकळायचाय, पद्माकर चिटणिसांचा प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे रुसलाय, आणि एकदा खुर्चीवर बसलेला मराठी माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नाही. तेव्हा ऐकून घ्या.

गोष्ट दोन हजार अकराच्या संक्रांतीनंतरची. मेट्रो नुकती गुडगावपर्यंत पोचली होती, आणि दिल्लीतली माणसं काम नसताना शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन यायची. आपल्या मयूर विहारात तेव्हा हिंदुराव नावाचे निवृत्त सुभेदार राहायला आले होते. मूळचे साताऱ्याकडचे. मुलगा युवराज सैन्यातच, कुठेतरी उंच बर्फात. त्याने आईवडिलांना इथे दोन खोल्या भाड्याने घेऊन दिल्या होत्या. हिंदुरावांची मिशी एवढी भरघोस, की सकाळी ते फिरायला निघाले की आधी मिशी कोपऱ्यावरून वळायची, मग ते.

घरात ते आणि काकू. काकूंचं खरं नाव आत्ता सांगायचं नाही. ज्याने घ्यायचं त्याने आधी घ्यावं, मग बाकीच्यांनी.

तर त्या रविवारी साधनाताईंकडे हळदीकुंकू होतं. बायका आत, पुरुष बाल्कनीत, आणि मधल्या दारात तिळगुळाचं ताट. उखाणे सुरू झाले. काकूंनीही एक साधासा, कुठेही चालणारा उखाणा घेतला. टाळ्या झाल्या. साधनाताई म्हणाल्या, "आता काका, तुम्ही! परतफेड करा."

हिंदुराव उभे राहिले. सलाम ठोकला. आणि म्हणाले, "ताई, पलटणीत आम्हाला नंबर पाठ करायला लावायचे, नावं नाही. हिचं नाव... थांबा हं... नाही बुवा आठवत!"

सगळी बाल्कनी हसली. पद्माकर तर एवढे हसले की त्यांच्या हातातला तिळगूळ खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंच्या चहात पडला, आणि त्यांनी वर बघून गोड झाल्याबद्दल आभार मानले. काकूही हसल्या. पदर सारखा केला, चपला घातल्या, आणि बाहेर पडल्या. कुणाला वाटलं दूध आणायला गेल्या.

हिंदुराव घरी आले तर कुलूप. किल्ली उंबऱ्यावरच्या कुंडीखाली. आत भात झाकून ठेवलेला, एका माणसापुरता. तो एका माणसापुरता भात बघितला, आणि त्यांना सगळं समजलं. बाजार पालथा घातला, देऊळ बघितलं, मेट्रोच्या जिन्यावर उभं राहून हजारो तोंडं तपासली. पोलिसांकडे मात्र गेले नाहीत. सुभेदाराची बायको रुसून गेली असं हवालदाराला सांगायचं? युवराजला फोन करून बर्फात त्याचा जीव टांगणीला लावायचा? आणि आपल्या मंडळाला तर मुळीच नाही. आपण लोकांनी काय केलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. आधी बैठक बोलावली असती.

सोमवारी सकाळी एका ऑटोच्या पाठीवर त्यांना कागद चिकटवलेला दिसला. 'कोई खो गया? कोई मिल गया? सोबत, मुनिरका.' हिंदुराव त्याच ऑटोत बसले.

मुनिरक्यातली ती गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरात कुणी शिंकलं तर इकडच्याने रुमाल पुढे करावा. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत जुने संगणक, आणि त्यांच्यामागे सुयश नावाचा पुण्याचा पोरगा. एरवी गुडगावात कंपनीत प्रोग्रॅमर. उरलेल्या वेळात हा आणि याचे मित्र चुकलेली माणसं शोधायचे. त्यांची एक वेबसाइट होती. हरवलेल्याची नोंद एका बाजूला, सापडलेल्याची दुसऱ्या बाजूला. यंत्र दोन्ही ताडून बघायचं. आणि खाली एकच नियम ठळक अक्षरांत: नाव सांगा, माणूस न्या. कारण दिल्लीत कोण कुणाला आपलं म्हणून घेऊन जाईल याचा भरवसा नाही.

"नाव?" सुयशने विचारलं.

"हिंदुराव—"

"तुमचं नाही काका. हरवलेल्या माणसाचं."

"आमच्या घरचं माणूस आहे."

"हो, पण नाव?"

हिंदुराव खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखी फक्त शेजारची भिंत होती. "पुढचं विचार."

"काका, तिथे लाल चांदणी आहे. ती जागा भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

"मग टिंब दे टिंब."

सुयशने टिंब दिलं. "वय?"

हिंदुरावांनी पाकीट काढलं. आतल्या कप्प्यातून फोटो काढून टेबलावर ठेवला. कडा झिजून गोल झालेल्या. "एकोणीस. वीस धर."

"काका, ही मुलगी—"

"मुलगी कुठली! बायको आहे माझी."

"फोटो कधीचा आहे?"

"लग्नातला."

"अलीकडचा नाही का?"

"अलीकडे काय बदललंय? केस गुडघ्याला लागतात. आवाज मोठा नाही. अंगणातून चालत गेली तर दाणे टिपणाऱ्या चिमण्या उडत नाहीत. हे लिही, खूण आहे."

हिंदुराव थापा मारत होते असं समजू नका. त्या माणसाला ती खरोखरच तशी दिसत होती. सुयशला ते कळलं असावं, कारण त्याने वयाबद्दल वाद घातला नाही. सगळं जसंच्या तसं लिहिलं, चिमण्यांसकट. यंत्राने सगळी दिल्ली चाळली आणि उत्तर दिलं: एकोणीस वर्षांची, गुडघ्यापर्यंत केसांची, चिमण्या न उडवणारी बाई कुठेही सापडलेली नाही.

"तुम्ही घरी जा काका. काही कळलं की फोन करतो."

"घरी कोण आहे?" हिंदुराव म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तासाभराने त्यांनी खोली झाडली. दोन तासांनी चहाचा ताबा घेतला. तो चहा एवढा कडक होता की चमचा त्यात सावधान उभा राहायचा.

दुपारी सुयशचा फोन वाजला. पलीकडे सुनयना, संस्थेची गुडगावातली मुलगी. कोल्हापूरची, मानेसरला मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, आणि रविवारी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर 'सोबत'चं टेबल मांडून बसायची.

"काय? नाव सांगत नाही? फोटोही नाही? अगं, मग 'अज्ञात' लिही... लिहिलंस? चिडली? का?" सुयशने फोनवर हात ठेवून हिंदुरावांना सांगितलं, "काल गुडगावात, शेवटच्या स्टेशनाबाहेर, एक आज्जी सापडलीये. सुनयनाने विचारलं, हरवलात का? तर म्हणते, मी कशाला हरवू, मी इथे बसलेय ना! नोंदीत 'अज्ञात महिला' लिहिलं तर म्हणते, कोण गं अज्ञात? आणि आता म्हणते, लिहिलेलं मला वाचता येत नाही, बोललेलं ठेवता येतं का तुमच्या पेटीत?"

"खट म्हातारी दिसते," हिंदुराव म्हणाले. त्यांची बायको भाजीबाजाराच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती. गुडगावची आज्जी त्यांच्या डोक्याच्या आसपासही आली नाही.

सुयश मात्र विचारात पडला. आवाज ठेवायला जागाच नव्हती. मग तो म्हणाला, "करूया यार," आणि बाह्या सरसावून बसला. त्याच्या बोटांचा वेग एवढा, की कीबोर्डवरची अक्षरं सुटून भिंतीला चिकटली. अजून तिथे आहेत, जाऊन बघा.

हिंदुराव मागे उभे राहून बघत होते. "हे तुझं आहे?"

"नाही. कुठल्याशा लांबच्या देशात पूर आला, माणसं चुकली, तेव्हा तिथल्या पोरांनी लिहिलं."

"मग परवानगी न घेता बदलतोस?"

"परवानगी देऊनच ठेवलीये त्यांनी काका, सगळ्यांना. कुणीही न्यावं, उघडून बघावं, गरजेप्रमाणे बदलावं. आणि बदललेलं परत सगळ्यांसाठी ठेवावं."

"फुकट?"

"बिल्कुल फुकट."

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे संक्रांतीचं वाण लुटतात तसं."

सुयश हसला. "तसंच. फक्त घरी नेऊन त्यात भर घालायची आणि पुन्हा लुटायचं."

वाण म्हटल्यावर हिंदुरावांना साधनाताईंची बाल्कनी आठवली. ते नळाखाली भांडी विसळायला लागले.

संध्याकाळपर्यंत नवी जागा तयार झाली. सुयशने तिला नाव दिलं 'हाक'. सुनयनाने आपल्या फोनवर आज्जींचा आवाज घेतला, तो त्या जागेत ठेवला, आणि त्याचा दुवा ऑर्कुटवर, फेसबुकवर टाकून दिला: या आज्जींच्या घरच्यांना शोधा.

पुढचं तर मुळीच खरं वाटायचं नाही. आज्जींनी म्हटली होती फक्त अर्धी ओळ आणि सोडली होती मोकळी जागा. मराठी बाईला उखाण्यातली मोकळी जागा दिसली की राहवत नाही. मंगळवार उजाडेपर्यंत नागपूरहून, नाशिकहून, लंडनहून बायकांनी आपापले नवरे त्या जागेत भरून पाठवले. न्यू जर्सीच्या एकीने तर दोन पाठवले, पहिला आणि आत्ताचा. दक्षिण ध्रुवावरच्या आचाऱ्याने बायकोचं नाव घेतलं, ते पाठवताना दातांच्या कडकडाटाने तुटलं. आपल्या साधनाताईंनीही पद्माकररावांना घालून पाठवलं; दोनच दिवसांपूर्वी ज्यांना हळदीकुंकू लावलं त्यांचाच आवाज, पण ओळखला नाही. असू द्या ताई, त्या दिवशी बाल्कनीचं हसणंच एवढं मोठं होतं. संगणक एवढा तापला की हिंदुरावांनी त्याच्यावर पापड भाजले.

"एवढं काय म्हटलंय तुमच्या म्हातारीने?" पापड उलटत त्यांनी विचारलं. "लाव जरा."

सुयशने लावलं. आधी कुकरची शिट्टी. मग सुनयनाचा आवाज, 'बोला आज्जी.' मग:

'रजेचे दिवस थोडे, वाट बघायचे फार...'

आणि काही नाही. पंख्याची घरघर. शेवटी त्याच आवाजात, 'पुढचं ज्याचं आहे तो म्हणेल.'

पापड जळला. हिंदुराव उभेच्या उभे. हा उखाणा कुठल्या पुस्तकात नव्हता. त्यांच्या दारात, मापटं ओलांडायच्या आधी, तिने स्वतः जुळवून म्हटला होता. रजेचे दिवस थोडे, वाट बघायचे फार, हिंदुरावांचं नाव घेते, उघडून दार. सैन्यातला नवरा मिळणार म्हणून सोळा वेळा मोडून जुळवला होता म्हणे. त्यानंतर कधीच म्हटला नव्हता. म्हणायची वेळ कधी आली? ते रजेवर यायचे, दार उघडं असायचं, आणि ते म्हणायचे, 'अगं, पाणी आण.'

"पोरा," हिंदुरावांचा आवाज मिशीत अडकला, "ही माझी आहे."

"काका, तुमची तर एकोणीस वर्षांची—"

"हीच ती."

सुयशने सुनयनाला फोन लावला. हिंदुराव चपला घालून दारात तयार. "सांग, तासाभरात येतोच म्हणावं."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. सुयशने खाली बघितलं. "काका, त्या म्हणतात, तुमच्या संस्थेचा नियम काय आहे? नाव सांगा, माणूस न्या. तर सांगू दे म्हणावं नाव."

"तुझ्या कानात सांगतो. तू लिही."

फोनवर पुन्हा बोलणं. "म्हणतात, मला वाचता येत नाही. लिहिलेलं चालायचं नाही. आणि... हसं झालं ते सगळ्यांसमोर, तेव्हा सांगायचं ते सगळ्यांसमोर. त्या पेटीत."

हिंदुराव पुन्हा स्टुलावर बसले. आता तुम्ही म्हणाल, नाव घ्यायला काय जातं? पण त्यांची गोष्ट ऐका. लग्न झालं तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घेणं बरं दिसत नसे. पत्रं वडिलांच्या नावाने जायची, शेवटी 'घरातील सर्वांस' एवढंच. त्या सर्वांत ती. एकटीला लिहिलं असतं, तरी वाचून दुसऱ्यानेच दाखवलं असतं. मात्र बर्फात पहाऱ्यावर उभं असताना हिंदुराव तिचं नाव मनात म्हणायचे. पुन्हा पुन्हा. थंडीत खिशातला ऊबदार हात बाहेर काढवत नाही, तसं ते नाव तोंडाबाहेर काढवायचं नाही. मनात एवढं म्हटलं, की तिला ते कधी ऐकूच गेलं नाही, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

"तिला वाटलं, मला खरंच आठवत नाही," ते सुयशला म्हणाले. "इतकी वर्षं मी आत म्हणतोय, आणि तिला वाटलं..."

सुयशने मायक्रोफोन त्यांच्यासमोर सरकवला. "सगळ्या जगाला ऐकू जाईल हं काका. चालेल?"

"लाव."

पहिल्यांदा नुसता खोकला ध्वनिमुद्रित झाला. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःचा हुद्दा, पलटण आणि निवृत्तीचं वर्ष सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी उभं राहून, टाचा जुळवून, डोळे मिटून म्हटलं:

'पलटणीत पाठ केले बंदुकांचे नंबर, कृष्णाचं नाव पहिलं, बाकी सारं नंतर.'

यमक लंगडं आहे, मान्य. पण त्या खोलीत कुणी हसलं नाही. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता, तोही थांबला. मग हिंदुराव नुसतंच म्हणाले, 'कृष्णा. कृष्णे, घरी चल.' हेही त्यात आलं. सुयशने ते कापलं नाही.

आता नाव घेऊन झालंय. आता कृष्णाबाई म्हणायला हरकत नाही.

गुडगावात सुनयनाच्या खोलीत कृष्णाबाई ज्वारीचं पीठ मळत होत्या. दोन दिवसांत त्यांनी मानेसरच्या कारखान्यातल्या सगळ्या मुलींना भाकरी शिकवली होती, असं सुनयना सांगते. तिने फोन लावून कानाशी धरला, कारण यांचे हात पिठाचे. कृष्णाबाईंनी ऐकलं. "नीट ऐकू आलं नाही," म्हणाल्या. "परत लाव." परत लावलं. "तुझा फोन बारीक बोलतो गं. परत लाव." किती वेळा लावलं ते सुनयनाने मोजलं नाही, फोनची बॅटरी संपली तेव्हा कृष्णाबाई म्हणाल्या, "हं. आता आलं ऐकू." आणि हात धुतले.

संध्याकाळी शेवटच्या स्टेशनावर हिंदुराव आले तेव्हा त्या जिन्याच्या पायथ्याशी सुनयनाच्या टेबलापाशी बसल्या होत्या. भोवती हे कबुतरांचं रान, दाणे टिपणारं. कृष्णाबाई उठल्या, त्यांच्यामधून चालत आल्या, आणि एक पाखरू उडालं असेल तर शपथ. सुयशने मुनिरक्यातून नोंद बंद केली आणि वयाच्या रकान्यातलं एकोणीस तसंच राहू दिलं.

ती 'हाक' मात्र बंद झाली नाही. सुयशने सांगितल्याप्रमाणे ती परत सगळ्यांसाठी ठेवली. आता कुठे पूर आला, धरणीकंप झाला, की जिला लिहिता येत नाही अशी आई तिथे आपल्या पोराला हाक मारून ठेवते, आपल्या आवाजात, आपल्या भाषेत, पदराने नाक पुसत. पोरगं दुसऱ्या गावच्या छावणीत ती ऐकतं आणि ओळखतं. ज्यांनी ती नेली त्यांना ठाऊकही नाही, की मयूर विहारातली एक बाई चपला घालून निघाली, म्हणून हे झालं.

आणि हिंदुरावांचं म्हणाल, तर माणूस पार बदलला. त्या दिवसापासून रोज सकाळी उठतात, पूर्वेकडे तोंड करतात, आणि चहा मागण्याआधी खणखणीत आवाजात बायकोला नावाने हाक मारतात. एक दिवस चुकलेला नाही. खालच्या बंगाली बाई त्या हाकेवर घड्याळ लावतात. पाऊस असो, ताप असो, 'कृष्णा' म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली—

"खोटं!" मागच्या रांगेतून तिळगुळाचा डबा घेऊन कृष्णाबाई उठल्या. "साफ खोटं! रोज कुठलं? आज सकाळीसुद्धा 'अगं ए, ऐकलंस का' करूनच चहा मागितला. इथेच तर बसलेत खांबाआड, मिशीत लपून. विचारा त्यांना! विचारा की, आत्ता सगळ्यांसमोर, नाव काय माझं?"